मावशीच्या खाणावळीत

‘सुंदुबू-जिगे’ हे नाव आमच्या तोंडात बसायला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी आमच्या सौ.नी त्याला ‘सुंदरबाई’ म्हटले, दुसऱ्या दिवशी नुसते ‘ते लाल’ म्हटले, आणि तिसऱ्या दिवशी नातीकडून घोकून घेऊन एकदाचा बरोबर उच्चार केला. नाव कठीण असले तरी पदार्थ साधा आहे. ‘सुंदुबू’ म्हणजे न दाबलेला, खरवसाहूनही मऊ असा ओला टोफू, आणि ‘जिगे’ म्हणजे दाटसर रस्सा. जाड मातीचे काळे वाडगे थेट विस्तवावर ठेवतात, त्यात तेल, लसूण आणि लाल तिखट परततात, वर कढण ओततात आणि चमच्याचमच्याने टोफू सोडतात. वाडगे टेबलावर येते तेव्हा रस्सा रटरट उकळत असतो. त्यात आपण आपल्या हाताने एक कच्चे अंडे फोडून घालायचे. ते तिथेच, डोळ्यांदेखत शिजते.

आम्ही उभयतां लॉस एंजेलिसला गेलो ते काही हा रस्सा खायला नव्हे. आमचा मुलगा आणि सून अश्दोदला आमच्या शेजारच्याच इमारतीत राहतात. त्यांची मधली मुलगी सैन्यातली नोकरी पुरी झाल्यावर शिकायला म्हणून अमेरिकेला गेली, त्याला आता चार वर्षे झाली. दर सणाला ‘येते’ म्हणायची, आणि दर वेळी परीक्षा, काम, विमानाचे भाडे, काही ना काही आडवे यायचे. पुढेपुढे फोनवरचे बोलणेही ‘बरी आहे, सगळं ठीक आहे’ एवढ्यावर आले. मुलगा म्हणाला, “माझं ती ऐकत नाही. तुमचं ऐकेल. जा, आणि तिला घेऊन या.” तिकिटे त्यानेच काढली. त्यामुळे कामगिरीही आमच्याच गळ्यात पडली. गेल्या वर्षी पेसाह आटोपला आणि आम्ही निघालो.

नातीची खोली कोरियाटाऊन म्हणतात त्या वस्तीत आहे. नावावरून वाटते की इथे सगळे कोरियन लोक राहत असतील, पण राहणाऱ्यांत स्पॅनिश बोलणारी माणसेच अधिक. दुकानांच्या पाट्या मात्र कोरियन लिपीतल्या, आणि एकाच इमारतीत खाली किराणा, वर दाताचा डॉक्टर, त्याच्या वर गाण्याचे क्लब, अशी दाटी. कोरियन लोक अमेरिकेच्या मुलखात पहिल्यांदा आले ते १९०३ साली, हवाई बेटांवर उसाच्या मळ्यांत मजुरी करायला. १९६५ साली अमेरिकेने परदेशी लोकांना येऊ देण्याचा कायदा बदलला आणि मग कुटुंबेच्या कुटुंबे येऊ लागली. १९७१ साली ही डुक ली नावाच्या गृहस्थांनी ऑलिम्पिक बुलेवारवर कोरियन किराण्याचे दुकान काढले आणि त्याच्या भोवताली ही वस्ती वाढली. १९९२ च्या एप्रिलअखेरीस शहरात दंगल झाली तेव्हा कोरियन लोकांची दोन हजारांवर दुकाने लुटली गेली किंवा मोडलीजाळली गेली. वस्ती पुन्हा उभी राहिली.

या वस्तीच्या ऐन मध्यावर, विल्शायर बुलेवारवर, एक भलामोठा घुमट दिसतो. ते कोरियन देऊळ असेल असे आम्हांला वाटले. जवळ जाऊन पाहतो तो सिनेगॉग! १९२९ साली उघडलेले हे विल्शायर बुलेवार टेंपल. त्या काळी आसपास यहुदी लोकांची वस्ती वाढेल असा अंदाज होता. पुढे ती पश्चिमेकडे सरकली, पण सिनेगॉग जागचे हलले नाही. आज त्याच्या भोवती कोरियन खाणावळी आहेत. आपल्या कोकणातल्या गावागावांतून सिनेगॉग उभे आहे आणि मिनियन मात्र जमत नाही, तसेच इथे असेल असे वाटले होते. पण इथे चांगली वर्दळ आहे. इमारतीची अलीकडे डागडुजीही झाली आहे.

असो. पोटापाण्याकडे वळू. नातीच्या घरात चार मुली आणि एक शेगडी. शेगडीची पाळी यायची तेव्हा हिची झोपायची वेळ झालेली असायची. म्हणून आठवड्यातून तीन-चार रात्री ती गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एका खाणावळीत जेवते. सहा टेबले, भिंतीवर दिनदर्शिका, आणि दारात चपलांचा नव्हे पण छत्र्यांचा ढीग. एका वाडग्याच्या पैशांत रस्सा, भात आणि लहान लहान पाच-सहा ताटल्यांतून तोंडीलावणी मिळतात: मोड आलेले कडधान्य, काकडी, पालक, मुळा, आणि अर्थातच किमची. ताटली रिकामी झाली की पुन्हा भरून आणतात आणि त्याचे जादा पैसे घेत नाहीत. आपल्याकडे खानावळीत ‘भाजी वाढा’ म्हणावे तसेच. त्या महागड्या शहरात एवढ्या पैशांत गरम आणि पोटभर जेवण दुसरीकडे मिळणे कठीण.

आता आपल्या वाचकांच्या मनात पहिला प्रश्न कोणता आला असेल तो आम्हांला ठाऊक आहे, कारण सौ.च्या मनातही तोच आला होता. बहुतेक कोरियन खाणावळींतून हा रस्सा आपल्या कामाचा नाही. त्यात डुकराचे मांस घालतात, नाहीतर शिंपल्या, कालवे, कोळंबी. ‘नुसता भाजीचा’ म्हणून मागवला तरी कढण सुक्या मासळीचे किंवा गोमांसाचे असू शकते, आणि किमचीत खारवलेली बारीक कोळंबी असते. नातीने गेल्याबरोबर दहा ठिकाणी चौकशी केली आणि अकरावे ठिकाण निवडले, ते हे. या खाणावळीत मांस-मासळी शिजतच नाही. मालकिणीचे तसे व्रत आहे. कढण समुद्रातल्या सुकवलेल्या पाल्याचे आणि अळंब्यांचे. मुंबईला होतो तेव्हा बाहेर खायचा प्रसंग आला की आमचे वडील आम्हांला उडप्याच्या हॉटेलात नेत. जिथे मांसच नाही तिथे कोणत्या मांसाची भीती, हे त्यांचे गणित. नातीला हे कोणी शिकवले नव्हते. तिने ते स्वतःच मांडले. चोखंदळ वाचक विचारतील, हेख्शेर होते काय? नव्हते. ज्यांना तेवढ्यासाठी चालत नाही त्यांनी खाऊ नये, आमचा त्यांच्याशी वाद नाही.

पहिल्या रात्री जेवण समोर आले आणि नात हात मांडीवर ठेवून गप्प बसून राहिली. आम्हांला वाटले, भूक नाही, की काही दुखतेखुपते? सौ.नी विचारले तेव्हा म्हणाली, “इथे मोठ्यांनी चमचा उचलल्याशिवाय लहानांनी उचलायचा नसतो, आजी. सबा, तुम्ही आधी.” शब्बाथच्या टेबलावर किद्दूश होण्याआधीच हल्ला तोडणारी ही मुलगी! आम्ही काही न बोलता चमचा उचलला.

मग अंड्याची पाळी आली. सौ.नी अंडे हातात घेतले आणि इकडेतिकडे पाहू लागल्या. आपल्या घरांतून अंडे एकदम भांड्यात फोडत नाहीत. आधी वाटीत फोडायचे, रक्ताचा ठिपका आहे की काय ते पाहायचे, आणि मगच घालायचे. सौ.नी किमचीची ताटली रिकामी केली, पाण्याने विसळली, त्यात अंडे फोडले, दिव्याखाली धरून निरखले आणि मग रश्श्यात सोडले. मालकीणबाई दुरून बघत होत्या. बोलल्या काही नाहीत. दुसऱ्या रात्री आम्ही बसलो, तर तीन अंड्यांबरोबर काचेच्या तीन रिकाम्या वाट्या आधीच मांडलेल्या होत्या. त्यानंतर एकही रात्र त्या वाट्या चुकल्या नाहीत.

चवीविषयी सांगायचे तर पहिला घास जीभ भाजतो. वाडगे मातीचे, ते लवकर निवत नाही. पण फुंकर मारून खाल्ले की आधी टोफू विरघळतो, मग लसूण लागतो, आणि तिखट सगळ्यांच्या शेवटी घशाशी येते. त्यांचे तिखट जाडेभरडे असते. रंग आपल्या बेडगीसारखा, झोंबणे बेताचे, आणि मागे किंचित गोडी. सौ. म्हणाल्या, “आपल्या आळणाला असा रंग आला असता तर सासूबाईंनी मला मान दिला असता.” मिरची ना त्यांची ना आपली. ती मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगिजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरली. कोरियात तिचा उल्लेख १६१४ सालच्या एका ग्रंथात सापडतो. म्हणजे त्या दोन्ही मुलखांना मिरचीची ओळख साधारण एकाच काळात झाली, आणि दोन्हीकडे आज तिच्याशिवाय चूल पेटत नाही. आता तीच मिरची कोरियन बाईच्या हातून पुन्हा अमेरिकेत.

भात दगडी भांड्यात येतो. तो वाटीत काढून घेतल्यावर तळाला खरवड राहते. तीवर गरम पाणी ओतून झाकण घालायचे आणि जेवण होईपर्यंत विसरून जायचे. शेवटी झाकण काढले की आत पेज तयार! रेवदंड्याला आमची आई खरवड खरवडून पाण्यात भिजवायची आणि शेवटी स्वतः प्यायची. पानावर बसलेल्यांपैकी कोणाला ती मिळत नसे. इथे ती पाहुण्यांना देतात.

टोफू कसा करतात ते बघायची सौ.ना फार इच्छा. मालकीणबाईंनी एका सकाळी आम्हांला मागल्या दाराने आत बोलावले. सोयाबीन रात्रभर भिजवलेले, ते वाटायचे, पाणी घालून उकळायचे, फडक्यातून गाळायचे. खाली पांढरेशुभ्र दूध. चोथाही टाकून देत नाहीत, त्याचा वेगळा रस्सा होतो. मग दूध गरम असतानाच त्यात मिठागरातून निघणारे कडू खारे पाणी थोडे थोडे घालायचे. कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गांगनुंग गावी तर थेट समुद्राचेच पाणी घालतात. पाच-दहा मिनिटांत दूध फाटते आणि ढगासारखे गोळे वर येतात. ते दाबले की वडीचा टोफू, न दाबता काढले की सुंदुबू.

सौ. हे सगळे बघत होत्या आणि मधेच मराठीतच म्हणाल्या, “अहो, हे तर आपल्या चिकासारखंच!” खरेच आहे. नव्याच्या सणाला आपण चिकाचा हलवा करतो तेव्हा गहू भिजवतो, वाटतो, फडक्यातून गाळतो, आणि त्या चिकात नारळाचे दूध घालून घोटतो. मांसाच्या जेवणावर गाईम्हशीचे दूध चालत नाही म्हणून आपल्या बायकांनी नारळ पिळला, पहिले दूध, दुसरे दूध. यांनी सोयाबीन पिळले. आम्ही हे इंग्रजीत मालकीणबाईंना सांगितले. त्यांनी नारळ हा शब्द दोनदा विचारून घेतला आणि मान हलवली. बिरड्याच्या रोज्याला आपण वालांना मोड आणून एकेक सोलत बसतो, हेही सौ.नी हातवारे करून सांगितले. तेव्हा त्यांनी मोड आलेल्या सोयाबीनची टोपली पुढे ओढली. दोघी अर्धा तास शेंड्या खुडत बसल्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती आणि स्वयंपाकाला असलेला मेक्सिकोचा मुलगा दोघींना स्पॅनिशमध्ये काही सुचवत होता.

या बाईंना सगळे गिऱ्हाईक ‘इमो’ म्हणून हाक मारतात. आम्ही ते त्यांचे नाव समजलो. नातीने सांगितले, “नाव नाही सबा, इमो म्हणजे आईची बहीण. कोरियन लोक खाणावळीतल्या बायकांना तसंच म्हणतात.” म्हणजे मावशी! नातीला मराठी येते ती मोजकी: आजी, पाणी, बस, चूप, भात, आणि मावशी. तेवढ्या सहा शब्दांतला एक तिने इथे कामाला लावला होता. ती बाईंना ‘मावशी’ म्हणायची, आणि बाई ओ देत.

मावशी १९८४ साली आल्या. आधी शिवणकामाच्या कारखान्यात, मग दुसऱ्याच्या खाणावळीत भांडी घासायला. ती खाणावळ १९९२ साली जळाली. मग बऱ्याच वर्षांनी त्यांनी ही स्वतःची काढली. सुंदुबूवर या वस्तीतल्या पुष्कळ बायकांनी संसार उभे केले आहेत. मोनिका ली यांनी १९८६ साली इथे केवळ सुंदुबूची म्हणून खाणावळ काढली. ती २०२० साली साथीच्या दिवसांत बंद पडली. ही सूक ली यांनी १९९६ साली व्हरमाँट अव्हेन्यूवर दुकान घातले, सोलमधल्या बुकचांगदोंग भागाचे नाव त्याला दिले आणि पुढे त्याच्या अनेक शाखा केल्या. त्याही २०२० साली निवर्तल्या. आमच्या मावशींची शाखा एकच, आणि ती पुढे चालवायला कोणी नाही. मुलगा दुसऱ्या राज्यात, संगणकाच्या कंपनीत. “चांगला मुलगा,” त्या म्हणाल्या, “फोन करतो. काय जेवलास विचारलं तर म्हणतो, जेवलो.”

कोरियन लोकांत भेटल्यावर ‘कसे आहात’ याऐवजी ‘भात खाल्लास का’ असे विचारायची रीत आहे. मावशी दारातून येणाऱ्या प्रत्येकाला हेच विचारीत, जेवायलाच आलेल्या माणसालासुद्धा. आम्हांला हे ऐकून आई आठवली. १९७१ साली आम्ही मुंबईहून इस्राएलला आलो. आई रेवदंड्यालाच राहिली. तिची पत्रे तीन-तीन आठवड्यांनी येत, शेजारच्या मुलाकडून लिहवून घेतलेली. त्या पत्रांत ‘परत ये’ असे एकदाही नव्हते. ‘तिकडे भात मिळतो काय? मासळी ताजी असते काय? कोण रांधते?’ हेच प्रश्न. आम्ही लिहीत असू: सर्व ठीक आहे.

आमच्या मुक्कामाची अखेरची रात्र आली तरी मुलाने सोपवलेली गोष्ट आम्ही काढली नव्हती. दोघांच्याही डोक्यात ती होती. वाडगी आली, वाट्या आल्या, अंडी निरखून झाली. शेवटी सौ.नी चमचा खाली ठेवला आणि सरळ विचारले, “तुझ्या बापाला काय सांगू?”

नात बराच वेळ रश्श्यातला टोफू मोडत राहिली. मग हिब्रूत म्हणाली, “मी काय खाते ते सांग.”

“आणि परत कधी येणार ते?”

“ते मला माहीत नाही, आजी. माहीत झालं की आधी तुलाच सांगेन. पण अब्बाला वाटतं मी इथे उपाशी आहे, एकटी आहे, सगळं विसरले आहे. ते तसं नाही, एवढं तू डोळ्यांनी पाहिलंस ना? तेवढं सांग.”

सौ.नी आमच्याकडे पाहिले. आम्ही पेजेचे झाकण काढले आणि तिघांच्या वाट्यांत पेज वाढली. त्यावर अधिक बोलणे झाले नाही. निघताना मावशींनी सौ.च्या हातात लाल तिखटाची किलोभराची पिशवी ठेवली, दोन्ही हातांनी, आणि पैसे घेतले नाहीत. नातीकडे बोट दाखवून इंग्रजीत म्हणाल्या, “मंगळवारी उशिरा येते. मी दार उघडं ठेवते.”

अश्दोदला पोहोचल्यावर मुलगा आणि सून त्याच संध्याकाळी आले. मुलाने दारातच विचारले, “येतेय का?” सौ.नी त्याला बसवले आणि सांगायला सुरुवात केली. मातीचे वाडगे, अळंब्यांचे कढण, मोड, मुळा, पेज, दहा ठिकाणी चौकशी करून अकरावे कसे निवडले, काचेच्या वाट्या, मंगळवारचे उघडे दार. मुलगा मधे दोनदा “पण आई” म्हणाला आणि दोन्ही वेळा सौ. थांबल्या नाहीत. सांगून संपले तेव्हा सून डोळे पुसत होती. मुलगा काहीच बोलला नाही. जाताना मात्र त्याने विचारले, “फार तिखट असतं का ते? लहानपणी तर तिला बिरडंसुद्धा तिखट लागायचं.”

किमचीविषयी एक राहिलेच. दक्षिण कोरियात हिवाळ्याच्या तोंडाशी घराघरांतून माणसे जमून मणामणाने किमची घालतात; ही रीत २०१३ साली युनेस्कोने जपण्याजोगत्या परंपरांच्या यादीत घातली. आपल्या वाडवडिलांनी पेसाहला ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हटले, आंबटाचे भांडे झाकून ठेवायचा सण. असल्या शब्दांची यादी कोणी करील तेव्हा करो. निदान प्रत्येक घरात एकाने तरी ते मुलांना सांगावेत, कारण सहाच शब्द पोचायचे असतील तर ते कोणते पोचतील हे आपल्या हातात नसते.

टोफू आता अश्दोदच्या दुकानांतूनही मिळतो, मऊ मात्र शोधावा लागतो. दर मंगळवारी रात्री सौ. ते लाल शिजवतात. मुलगा कामावरून परस्पर आमच्याकडे येतो, नाक पुसत पुसत खातो, आणि खाताना मुलीला फोन लावतो. तिथे तेव्हा सकाळ असते. “काय खाल्लंस?” असे तो विचारतो, आणि ती आता सविस्तर सांगते. तिखटाची पिशवी निम्म्यावर आली आहे. हे आवश्यकतेपेक्षा लवकर संपते आहे असे आम्ही म्हटले, तर सौ. म्हणाल्या, “संपू दे. आणायला कोणीतरी जाईलच.” परवा मुलाने विमानाच्या भाड्याची चौकशी केली. या वेळी त्याने स्वतःसाठी केली.